फलकाच्या कोपऱ्यातला फोटो

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून एका आत्याचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्यातला मुख्य भाग येथे देत आहे.

"मी 52 वर्षांची आहे. आम्ही तिघी बहिणी आणि आमच्या पाठीवर नवसाने झालेला एक भाऊ. दुधावरची साय त्याच्या वाटीत, नवे कपडे आधी त्याला, आणि तो बोलायला लागला की बाकीच्यांनी गप्प बसायचे, अशी आमच्या घरची रीत होती. आज तो 45 वर्षांचा आहे, मंगळवार पेठेत राहतो, बांधकामाचे ठेके घेतो, तालमीत त्याच्या शब्दाला मान आहे. माणूस वाईट नाही. व्यसन नाही, हात उगारत नाही, पैशाला कमी पडू देत नाही. पण आपल्या घरात आपल्याखेरीज आणखी कोणी राहते, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. जेवताना बोलणे त्याचे, राग त्याचा, आणि आजारपणही त्याचेच. माझ्या ऑपरेशनच्या वेळी तो भेटायला आला आणि स्वतःच्या गुडघ्याबद्दल तासभर बोलून गेला.

त्याची एकुलती मुलगी, म्हणजे माझी भाची, 16 वर्षांची आहे. गेल्या वर्षी दहावीला तिला 91 टक्के पडले तेव्हा भावाने गल्लीच्या तोंडाला मोठा फलक लावला. त्यावर हात जोडलेला त्याचा फोटो पुरुषभर उंच, आणि खाली कोपऱ्यात, एका गोलात, तिचा, तोही आठवीतला. ती माझ्याबरोबर त्या फलकाखालून गेली, एकदा वर बघितले आणि म्हणाली, 'चांगला आलाय की आत्ती.' तिला चित्रकलेचा नाद आहे, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत अ श्रेणी आहे. त्याचे वाढीव 7 गुण दहावीच्या गुणांत धरले गेले, हे भावाला अजून ठाऊक नसेल. चित्रकलेला जायचे आहे असे ती एकदाच म्हणाली होती. आता ती अकरावी सायन्सला आहे. भावाच्या गाडीचा आवाज गल्लीत आला की ती वही मिटते, पाण्याचा तांब्या भरून ठेवते आणि दाराकडे बघत उभी राहते. कॉलेज सुटल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा ती माझ्याकडे येते, भाजी निवडत बसते आणि काहीही विचारले तरी 'बरं आहे' म्हणते. जवळची मैत्रीण नाही. रात्री उशिरापर्यंत फोनवर कोणाशी तरी बोलत असते, असे भावजय सांगते. भावजय स्वतः दिवसभर भावाच्याच तंत्राने चालते. मी भावाला कसे समजावू? भाचीला आमच्याकडेच राहायला आणू का? मागच्या आठवड्यात ती चित्रांची वही आमच्याकडे विसरून गेली. ती उघडून बघू का, म्हणजे तिच्या मनात काय आहे ते तरी कळेल?"

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा 'चांगला आलाय की आत्ती' या चार शब्दांपाशी थांबले. एक मुलगी स्वतःच्या यशाच्या फलकाखाली उभी राहते, त्यावर स्वतःला शोधते, कोपऱ्यात दोन वर्षांपूर्वीचा आपला चेहरा तिला सापडतो, आणि जे काही वाटले असेल ते गिळून ती शेजारच्या माणसाला बरे वाटेल असे बोलते. वडिलांचा मान तिने सांभाळला, अवघडून उभ्या असलेल्या आत्यालाही सांभाळले. त्या क्षणी तिला कोणी सांभाळायचे, हा प्रश्न तिच्या मनात आलाही नसेल, कारण तो विचारण्याची सवय तिला त्या घरात लागलेलीच नाही. तुम्हाला तिची काळजी वाटते आहे ती योग्यच आहे.

हल्ली मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून कोणालाही 'नार्सिसिस्ट' म्हणून मोकळे होण्याची रीत पडली आहे. तुम्ही तो शब्द वापरला नाही, हे मला फार बरे वाटले. तसे निदान करणे मानसोपचारतज्ज्ञाचे काम आहे आणि तेही समोरासमोर बसून, सविस्तर बोलून; पत्रावरून मी ते करणार नाही. मी 'आत्ममग्न' एवढाच शब्द वापरते, आणि त्यातून तुमच्या भावाचे मुलीवर प्रेम नाही असे मला म्हणायचे नाही. त्यांना तिचा अभिमान आहेच. पण तो अभिमान तिच्यापर्यंत पोचण्याआधी त्यांच्या स्वतःपाशीच खर्च होतो. त्या घरात तिचे कौतुक पुष्कळ होते, दखल मात्र घेतली जात नाही. कौतुक चारचौघांत करता येते आणि करणाऱ्यालाही त्यात आपला वाटा ठेवता येतो. दखल घ्यायची तर समोरच्या माणसाकडे थोडा वेळ थांबून बघावे लागते. 91 टक्के गल्लीभर झळकले, आणि त्यातले 7 गुण कुठून आले ते घरात कोणी विचारले नाही.

इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1967 साली मांडलेला एक विचार या प्रसंगाला नेमका लागू पडतो. तान्हे मूल आईच्या चेहऱ्याकडे बघते तेव्हा त्याला तिथे स्वतःच दिसते, कारण आई त्याच्याकडे बघत असते आणि तिला जे दिसते ते तिच्या चेहऱ्यावर उमटत असते. पण मुलाकडे बघतानाही जी व्यक्ती स्वतःच्याच मनःस्थितीत बुडालेली असते, तिच्या चेहऱ्यात मुलाला आपण सापडत नाही. मग ते मूल त्या चेहऱ्यात स्वतःला शोधणे सोडते आणि आभाळाचा रंग बघावा तसा तो चेहरा निरखू लागते: आज पाऊस येणार की उघडीप राहणार. तुमची भाची गाडीचा आवाज ऐकून तांब्या भरून दाराशी उभी राहते, तेव्हा ती हेच करत असते. गाडी कशी थांबली, किल्ली कशी ठेवली, चपला कशा काढल्या, एवढ्यावरून संध्याकाळ कशी जाणार हे तिला कळत असेल. अशी मुले दुसऱ्याचे मन वाचण्यात विलक्षण तयार होतात, शिक्षक त्यांना समंजस म्हणतात, नातेवाईक 'किती शहाणी पोरगी' म्हणतात, आणि मुलगी असेल तर तो समंजसपणा तिचा धर्मच मानला जातो. मला या कौतुकाची भीती वाटते. सतत दुसऱ्याकडे लक्ष ठेवून असलेल्या मुलीला आपल्याला भूक लागली आहे का, आपल्याला राग आला आहे का, हे बघायला उसंत उरत नाही, आणि पुढे पुढे ते ओळखताही येईनासे होते.

1970 च्या दशकात अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक प्रयोग केला होता. आईने बाळाशी हसत-खेळत बोलायचे आणि मग काही मिनिटे चेहरा अगदी कोरा ठेवून नुसते बघत राहायचे. बाळ आधी हसून बघते, हात पुढे करते, ओरडून बघते. आईला परत आणण्यासाठी जे जे येते ते सगळे करून झाले आणि पलीकडून काहीच आले नाही, की ते मान फिरवते आणि आपल्यातच मिटून जाते. तुमच्या भाचीचे 'बरं आहे' मला त्या फिरवलेल्या मानेसारखे वाटते. तिला बोलायचे नाही असे नाही. तिने बोलून बघितले आहे. 'चित्रकलेला जायचे आहे' हे ती एकदा म्हणाली होती, हे तुम्हीच लिहिले आहे, आणि दुसऱ्यांदा ती ते म्हणाली नाही.

वयाच्या 16 व्या वर्षी मुले आईबापांशी वाद घालतात, दार आपटतात, तुम्हाला काही कळत नाही म्हणतात. घरच्यांना त्याचा त्रास होतो, पण त्या वादांतूनच मुलाला आपले मत कुठे सुरू होते आणि वडिलांचे कुठे संपते हे कळत जाते. त्यासाठी समोरच्या मोठ्या माणसाने थोडा मार खाऊनही जागेवर उभे राहावे लागते. जिथे वडीलच सर्वांत आधी दुखावतात आणि मग अख्ख्या घराने त्यांची समजूत काढायची असते, तिथे मूल वाद घालून काय करणार? अशी मुलगी हॉटेलात 'तुला काय हवे' विचारले तर 'तुमचं झालं की तेच मला' म्हणते, आणि शाखा निवडायची वेळ आली तरी तेच म्हणते. त्यात अपराधीपणाची भर पडते. फोन आहे, क्लासची फी वेळेवर जाते, फलक लागतो. एवढे सगळे मिळत असताना आपल्याला आत रिकामे वाटते याचा अर्थ आपणच कृतघ्न आहोत, असा निष्कर्ष ती एकटीच काढते आणि कोणाला सांगत नाही. मारहाण झालेल्या मुलाकडे दाखवायला वळ तरी असतो. हिच्याकडे दाखवायला काही नाही.

एकटेपणाबद्दल तुम्ही 'जवळची मैत्रीण नाही' एवढेच लिहिले आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी 1973 साली एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले: आपल्याला कोणत्याही गोतावळ्यात जागा नसणे हा एक, आणि आपल्याला आतून ओळखणारे एकही माणूस नसणे हा दुसरा. गोतावळ्याची उणीव जवळच्या माणसाने भरून निघत नाही आणि जवळच्या माणसाची उणीव गोतावळ्याने भरून निघत नाही. तुमच्या भाचीला गोतावळा आहे. पेठ आहे, तालीम आहे, वर्ग आहे, गणपतीत दारात पन्नास माणसे असतील. तिची उणीव दुसऱ्या प्रकारची आहे, म्हणून 'चार मुलींत मिसळत जा' हा सल्ला तिला कोणी दिला तर तिला तो कळणारही नाही.

त्या उणिवेमुळेच मला रात्रीच्या फोनबद्दल काळजी वाटते. पलीकडे वर्गातली एखादी अबोल मुलगी असेल तर आनंदच आहे. पण ज्या मुलीला घरात 'जेवलीस का' असे कोणी विचारत नाही, तिला तेवढे विचारणारा कोणीही फार मोठा वाटू शकतो, आणि तो कोण आहे, त्याला काय हवे आहे, हे बघण्याआधी ती त्याची ऋणी झालेली असते. म्हणून फोन काढून घेऊ नका आणि चोरून बघू नका; तेवढी एक खिडकी बंद केली तर तिला दुसरी काढून घेता येते आणि ती तुम्हाला दिसणार नाही. कधी सहज बोलता बोलता एवढेच सांगा की फोनवर कोणी फोटो मागितला, कोणी एकटीला भेटायला बोलावले, कोणी 'हे घरी सांगू नकोस' म्हटले, तर रात्री बारालाही मला उठव, मी आधी ऐकेन आणि रागावणार नाही. आणि ती वेळ खरोखर आली तर रागावू नका.

आता एक गोष्ट लिहिते, ती आपुलकीने लिहिते आहे असे समजून घ्या. तुमच्या पत्राचा पहिला परिच्छेद भावाचा आहे आणि मुलगी दुसऱ्या परिच्छेदात येते. त्या वाटीतली साय 40 वर्षांनंतरही तुमच्या मनात आहे, आणि ती असणारच. तुम्हा तिघींवर तो अन्याय होता. ऑपरेशननंतर अंथरुणावर पडून भावाच्या गुडघ्याची हकीकत ऐकताना तुम्हाला काय झाले असेल, ते मी समजू शकते. पण भाची भाजी निवडायला बसली की बोलणे 'तुझा बाप लहानपणापासून असाच' या वळणावर जात असेल, तर ती तुमच्या घरीही तेच काम करते आहे जे तिच्या घरी करते. एका मोठ्या माणसाचे दुःख ऐकून घेते, मान हलवते आणि त्याला बरे वाटेल असे बोलते. तुमचे आणि भावाचे जे राहिले आहे ते तुमच्या बहिणींशी बोला, माझ्यासारख्या कोणाशी बोला, वाटले तर भावाशी भांडा. तिच्यासमोर ते नको. शिवाय तिचे वडिलांवर प्रेम आहे. वडिलांना कोणी नावे ठेवली की तिला त्यांची बाजू घ्यावी लागते, आणि मग स्वतःची तक्रार तिला आणखी खोल पुरावी लागते.

भावाला कसे समजावावे, या प्रश्नाला माझे प्रामाणिक उत्तर असे की समजावण्यावर फार शक्ती खर्च करू नका. ज्या मुलाला जन्मल्यापासून नवसाचा म्हणून ओवाळले गेले, त्याला भीती वाटते का, अभ्यास झेपतो का, हे त्या घरात कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही. तुमच्या वाट्याला दुर्लक्ष आले आणि त्याच्या वाट्याला ओवाळणी आली, पण नीट कोणी बघितले असे दोघांकडेही नाही. मिळाली तीच वस्तू माणूस पुढे मागत राहतो. हे कळले की त्याच्याबद्दलचा राग थोडा निवतो, मात्र मुलीसाठी काही करायचे थांबवायला ते कारण पुरेसे नाही. 'तू तिच्याकडे लक्ष देत नाहीस' हे वाक्य त्याला आरोप वाटेल, तो दुखावेल, आणि त्या दुखावण्याची उस्तवार त्या रात्री तुमच्या भावजयीला आणि भाचीला करावी लागेल. त्याऐवजी त्याच्याकडे लहान, नेमके, होकार देता येईल असे मागा. 'दर गुरुवारी संध्याकाळी ती माझ्याकडे जेवेल आणि मीच तिला सोडायला येईन' एवढे मागा. तुम्ही थोरल्या बहीण आहात, तुम्ही त्याला कडेवर घेतले आहे. एवढे मागण्याचा तुमचा अधिकार त्याच्या घरात चालेल. चित्रकलेचा विषय निघेल तेव्हा बारावीनंतर कोणकोणते मार्ग उघडे राहतात याची माहिती काढून ती कागदावर त्याच्यापुढे ठेवा, आणि निकाल त्याच दिवशी मागू नका. तो बदलेल का? काही माणसे बदलतात, बहुधा आयुष्यात एखादा जबर धक्का बसल्यावर. मुलीचे 16 वे वर्ष मात्र त्या धक्क्याची वाट बघत थांबणार नाही.

तिला कायमची तुमच्याकडे आणण्याची घाई मला योग्य वाटत नाही. घरात मारहाण किंवा तिच्या जिवाला धोका असता तर मी आजच आणा म्हटले असते. आहे त्या परिस्थितीत तिला उचलून आणले तर तिच्या वडिलांचा पेठेत अपमान झाला असे ते मानतील, आणि त्याचे कारण आपण, हे ओझे ती आयुष्यभर वाहील. शिवाय भावजय त्या घरात आणखी एकटी पडेल. तिला घर बदलून देण्यापेक्षा दुसरे एक घर जोडून देता येईल. आपल्या शहराला हे नवीन नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून इथे एकामागून एक वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, आणि खेड्यापाड्यांतली मुले आईबाप जिवंत असताना, त्यांच्याशी नाते न तोडता, दुसऱ्या एका छपराखाली वाढून उभी राहिली.

हवाई बेटांपैकी काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा अभ्यास एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुले चाळिशीला पोचेपर्यंत केला. गरिबी, घरातली भांडणे, आईवडिलांचे मानसिक आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले आत्मविश्वासाने जगणारी, दुसऱ्याची काळजी घेणारी माणसे झाली. त्यांच्यात जे समान आढळले त्यात एक गोष्ट अशी होती की त्यांना आईवडिलांखेरीज निदान एक तरी टिकून राहिलेले मोठे माणूस मिळाले होते. कोणाला आजी, कोणाला मावशी, कोणाला शेजारीण, कोणाला शिक्षक. ताई, ते माणूस होण्यासाठी तुम्हाला समुपदेशनाचा अभ्यासक्रम करावा लागणार नाही. आठवड्यातून दोन-तीनदा ती पायरी चढून तुमच्याकडे येते, याचा अर्थ तिने निवड केलेली आहे.

म्हणून गुरुवार ठरवा आणि तो मोडू नका. पाहुणे आले, लग्न निघाले तरी 'या गुरुवारी नाही, शुक्रवारी' असे तिला आधी सांगा, कारण आपल्यासाठी राखलेला वेळ इतका सहज कोणी खोडत नाही, हे तिला अनुभवायला मिळाले पाहिजे. समोर बसवून 'मनात काय आहे सांग' म्हणू नका. भाजी निवडताना, रंकाळ्याच्या कडेने चालताना, दोघींची नजर दुसऱ्या कशावर तरी असते तेव्हा या वयातली मुले बोलतात. तुमच्या राजारामपुरीतच अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचे कलासंग्रहालय आहे. एखाद्या दिवशी तिला तिथे घेऊन जा आणि त्या निसर्गचित्रांपुढे तिला हवे तितके थांबू द्या. 'तुला कोणते आवडले' असे विचाराल तेव्हा तिचे पहिले उत्तर 'सगळीच चांगली आहेत' असे येईल. तेव्हा घाईने तुमचे मत सांगू नका. थांबा. पाच मिनिटांनी, कदाचित बाहेर पडताना, ती एका चित्राबद्दल काहीतरी म्हणेल, आणि ते चित्र तुम्हाला आवडलेले नसेल तर तसे मोकळेपणाने सांगा. आत्तीचे मत वेगळे असले तरी आत्ती रुसत नाही, आपल्यालाही मत बदलावे लागत नाही, हा अनुभव तिला लहान लहान गोष्टींतून मिळू द्या. कधी तुम्हीही चुकाल, तिच्या बोलण्याच्या मध्येच तुमचा फोन येईल, तुम्ही भलतेच बोलून जाल. ट्रॉनिक यांना पुढच्या अभ्यासांत असे दिसले की प्रेमळ आया आणि त्यांच्या बाळांचेही सूर बराच वेळ जुळलेले नसतात. ते पुन्हा पुन्हा जुळवून घेतले जातात आणि मूल त्यातून तगते. 'मघाशी तू काहीतरी सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही, परत सांग' हे वाक्य तिने घरात बहुधा कधी ऐकलेले नाही.

फलकाचा विषयही एकदा काढा. 'त्या फलकावर तुझा फोटो कोपऱ्यात होता आणि जुना होता, ते मला दिसलं होतं. मला वाईट वाटलं' एवढे बोला आणि पुढे भावाबद्दल एक शब्दही जोडू नका. ती 'काय नाही गं आत्ती' म्हणून विषय झटकेल, झटकू द्या. आपल्याला जे दिसले ते आणखी कोणाला तरी दिसले होते, एवढे तिला कळले की पुरे. स्वतःच्या डोळ्यांवरचा तिचा विश्वास त्यातून थोडा परत येईल.

भावजयीकडे तक्रार घेऊन जाऊ नका. ती गेली 17-18 वर्षे त्या घराचे आभाळ बघत जगते आहे. तिला दुपारी चहाला बोलवा, तिचे विचारा. मुलीकडे बघायला तिलाही डोळे आहेत. ते दिवसभर दुसरीकडे गुंतलेले असतात.

काही खुणांकडे मात्र लक्ष ठेवा. झोप किंवा जेवण एकदम कमी-जास्त होणे, मार्क अचानक घसरणे, उकाड्यातही हात झाकून ठेवणे, आवडीचे चित्र काढणेसुद्धा बंद होणे, आपल्या वस्तू वाटून टाकणे, 'मी नसते तर बरं झालं असतं' अशा अर्थाचे बोलणे. यातले काही दिसले तर तिला सरळ विचारा की जीव द्यावासा वाटतो का. असे विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते ही समजूत खरी नाही. उलट कोणीतरी विचारले याने मुलाला सुटल्यासारखे वाटते. ऑक्टोबर 2022 पासून सुरू झालेली सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र आणि विनामूल्य मिळते, मराठीतही बोलता येते, आणि तुम्ही स्वतः तिच्याबद्दल विचारायलाही फोन करू शकता. मुलांसाठीचा 1098 हा क्रमांकही तिच्या फोनमध्ये असू द्या. आपल्या सरकारी सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ती 18 वर्षांखालील असल्याने उपचारांसाठी पालकांची संमती लागेल, त्यासाठीही भावजय तुमच्या बाजूने असणे आवश्यक आहे.

आता त्या वहीबद्दल. गाडीचा आवाज आला की जी मुलगी वही मिटून ठेवते, ती ती वही सहजासहजी कुठे विसरेल असे मला वाटत नाही. तिने ती तुमच्याकडे ठेवली असावी, हे तिच्या स्वतःच्या लक्षात आले असेल किंवा नसेल. उघडू नका. ती जिथे सापडली तिथेच, धूळ बसू न देता, राहू द्या. गुरुवारी ती आली की भाजीचे ताट पुढे करताना सांगा, 'तुझी वही इथं आहे, मी उघडलेली नाही. हा कप्पा तुझाच.' आणि मग गवारीच्या शेंगा मोडायला घ्या. तिने वही घरी नेली तर नेऊ द्या. तिने ती तिथेच ठेवली, किंवा हात पुसून एखादे पान तुमच्यापुढे धरले, तर हातातले काम बाजूला ठेवून आधी ते पान नीट बघा, आणि मगच बोला.